‘इथे आधी काहीच नव्हतं’ : जुन्या नकाशांवर नेरूळ शोधताना



आजचा लेख एका चुकीपासून सुरू करते. चूक माझीच आहे. दोन वर्षांपूर्वी चौथीच्या वर्गात ‘आपला परिसर’ शिकवताना मी फळ्यावर लिहिलं, ‘नेरूळ हे सिडकोने वसवलेले शहर आहे.’ वर तोंडी जोडलं, “त्याआधी इथे काहीच नव्हतं, नुसती दलदल होती.” मुलांनी निमूटपणे लिहून घेतलं. एक मुलगी मात्र लिहीत नव्हती. गावठाणातली, आगरी घरातली. का लिहीत नाहीस असं विचारल्यावर म्हणाली, “बाई, मग आमचे आजोबा कुठे राहायचे?”

वर्ग हसला. मीही हसले आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. पण संध्याकाळी घरी जाताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मी मूळची जुन्नरकडची, लग्नानंतर नेरूळला आले. मला नेरूळ माहीत होतं ते सेक्टरच्या आकड्यांतून. सेक्टर २०, सेक्टर ६, स्टेशनची पूर्व बाजू, पश्चिम बाजू. त्या आकड्यांच्या खाली गावं आहेत हे दिसत होतं, पण ती माझ्या लेखी शहराच्या मध्ये राहून गेलेली गावं होती. आधी गाव आणि मग शहर, हा साधा क्रमच मी उलटा शिकवत होते.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या शिक्षकांचे काही पाठ वाचनात आले. तिथला भूशास्त्रीय सर्वेक्षण विभाग १८७९ मध्ये सुरू झाला आणि १८८४ पासून त्यांनी देशभराचे स्थलदर्शक नकाशे काढायला घेतले. हे सगळे जुने नकाशे आता फुकट बघता येतात. शिक्षक मुलांना पश्चिमेकडच्या एखाद्या गावाचा शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा देतात आणि गुरांच्या वाड्या, पवनचक्कीवरचं पाणी, खाणी शोधायला सांगतात. खाणीची खूण म्हणजे फुलीसारख्या ठेवलेल्या दोन कुदळी. एका नकाशावर खाण आहे, रेल्वेचा फाटा आहे, वस्ती आहे. पुढच्या नकाशावर फाटा गेला, वस्तीची दोन घरं उरली. मुलं आपणच ओळखतात की खाण संपली.

वाचून वाटलं, छान आहे, पण आपल्याला काय त्याचं? मग विचार केला. आपल्याकडे घोड्यावरचे गुराखी नव्हते, पण गुरं होती आणि गुरचरण होतं. (आमच्या जुन्नरकडे त्याला गायरान म्हणतात.) सोन्याच्या खाणी नव्हत्या, पण डोंगरातून काढायचा दगड होता आणि खाडीच्या पाण्यातून काढायचं मीठ होतं. मग नेरूळचा जुना नकाशा शोधायला काय हरकत आहे?

नकाशा कुठून आणला

शिक्षकांना याचीच अडचण येते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा. त्यांच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशाला आपण टोपोशीट म्हणतो. किनारपट्टीचे असे सविस्तर नकाशे पूर्वी सर्वसामान्यांना सहज मिळत नसत. आता विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून खुल्या मालिकेतले नवे नकाशे उतरवून घेता येतात. पण ते नवे. जुन्यासाठी मी वापरला तो अमेरिकन सैन्याच्या नकाशा विभागाने १९५० च्या दशकात काढलेला भारताचा संच. प्रमाण १:२,५०,०००. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तो सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. गंमत बघा, नेरूळचा जुना नकाशा टेक्सासहून आला.

एक काळजी घ्या. नकाशावर छापल्याचं साल वेगळं असतं आणि सर्वेक्षणाचं वेगळं. हे नकाशे आपल्याच सर्वेक्षण विभागाच्या आधीच्या नकाशांवरून तयार केलेले आहेत, त्यामुळे कागद पन्नासच्या दशकातला असला तरी त्यावरची माहिती त्याहून जुनी असू शकते. तळाची बारीक अक्षरातली टीप आधी वाचावी. आणि हो, शोधताना ‘नेरळ’ आणि ‘नेरूळ’ यात गल्लत करू नका. मी पहिल्या दिवशी अर्धा तास माथेरानच्या पायथ्याशी फिरत होते.

पहिला तास : आपण कोपऱ्यात

प्रत्येक गटाला एक रंगीत प्रिंट, एक दोरा, एक पट्टी. मी सुरुवातीला काहीच सांगितलं नाही, फक्त म्हटलं, आपलं गाव शोधा.

मुलं आधी गोंधळली. वाशीचा पूल नाही. पूल नाही तर मुंबईला जायचं कसं? रेल्वे नाही, लोकल मानखुर्दहून वाशीला आली तीच मुळी १९९२ मध्ये. पाम बीच रोड नाही. ‘ठाणा’ असं लिहिलंय, ‘बॉम्बे’ असं लिहिलंय. आणि पनवेलच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘कुलाबा’! एका मुलाने हात वर केला, “बाई, कुलाबा इकडे कसा? माझे पप्पा रोज कुलाब्याला जातात, ते सीएसटीच्या पुढे आहे.” तेव्हा सांगावं लागलं की रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं.

नवा नकाशा शेजारी ठेवला तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. ७३ अंश पूर्व रेखावृत्त नेरूळच्या पश्चिमेकडून खाडीच्या कडेने जातं आणि १९ अंश उत्तर अक्षवृत्त दक्षिणेकडून, पनवेलच्या खाडीवरून. दोन्ही रेघा करावे गावाच्या खाली खाडीत एकमेकींना छेदतात. टोपोशीटची विभागणी याच रेघांवर होते, म्हणून तिथे चार शीटचे कोपरे एकत्र येतात : ४७ ए/१६, ४७ बी/१३, ४७ ई/४ आणि ४७ एफ/१. नेरूळ येतं ४७ ई/४ च्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. म्हणजे नेरूळची खाडी बघायची तर एक नकाशा पुरत नाही, चार जोडावे लागतात. मुलांना चिकटवाचिकटवीचं हे काम फार आवडलं. अक्षांश-रेखांश हा रटाळ भाग इतक्या सहज कधीच झाला नव्हता.

दोऱ्याने अंतर मोजलं. जुन्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. नेरूळ ते बेलापूर साधारण चार किलोमीटर, म्हणजे नकाशावर दीड सेंटिमीटरच्या जरा वर. एवढ्याशा जागेत किती गावं बसतील? शिरवणे, दारावे, करावे, सारसोळे, शहाबाज, दिवाळे, आग्रोळी. सगळी मावणार नाहीत, मावली तरी नावं मावणार नाहीत. लहान प्रमाणाच्या नकाशावर गाळलेल्या गोष्टी दाखवलेल्या गोष्टींपेक्षा जास्त असतात. हे मी मुलांना त्या तासाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

कारण तासाच्या शेवटी एका गटाने निष्कर्ष वाचून दाखवला : ‘जुन्या नकाशात गावाभोवती पांढरी जागा आहे. म्हणजे जागा रिकामी होती.’

झालं! माझीच चूक नकाशाच्या पुराव्यासकट परत आली.

पांढऱ्या जागेत काय होतं

त्या मुलीच्या आजोबांना वर्गात बोलावलं. ते येताना पिशवीतून एक घडी घातलेला कागद घेऊन आले. जुना गावनकाशा. भूमी अभिलेख कचेरीतून कधीतरी काढलेली प्रत, घड्यांवर फाटलेली, चिकटपट्टीने जोडलेली. जमिनीच्या कामासाठी इतक्या कचेऱ्यांत फिरलेली की कोपरे काळे पडलेले. मी टोपोशीट शिकवत होते आणि या घरात तीस-चाळीस वर्षं वेगळाच नकाशा जपला जात होता.

दोन्ही नकाशे शेजारी ठेवल्यावर फरक आपोआप कळतो. टोपोशीट जमिनीचा आकार सांगतं : चढ, उतार, पाणी, वाट. जमीन कोणाची, कशासाठी, ते सांगत नाही. गावनकाशात चढउतार नसतो, पण प्रत्येक तुकड्याला सर्व्हे नंबर असतो. गावठाण कुठे, शेतं कुठे, गुरचरण कुठे, हे सातबाऱ्याच्या जोडीने त्यावर लावता येतं. टोपोशीटवर जे पांढरं होतं ते गावनकाशावर रेघांनी खचाखच भरलेलं.

मी आजोबांना विचारलं, “मुलं म्हणतात, इथे जागा रिकामी होती.” ते म्हणाले, “रिकामी कवा व्हती? सगली पिकत व्हती.” आणि मग त्यांनी बोट ठेवून एकेक तुकडा सांगायला सुरुवात केली. हे वडाखालचं. हे बांधाकडचं. इथे पाणी गोडं, म्हणून भात आधी लावायचा. इथे खार, तिथे खाऱ्या पाण्यातला भात. इथे गुरं. डोंगराच्या अंगाला पावसाळ्यात गवत, तिकडे पोरं गुरं घेऊन जायची. मुलांनी विचारलं, किती गुरं? ते म्हणाले, कोण मोजतंय, गावाची सगळी एकत्रच जायची.

खारजमीन ही गोष्ट मला स्वतःला नव्याने समजली, म्हणून इथे थोडी थांबते. आमच्या घाटावर शेताला बांध असतो तो पाणी अडवायला. इथे बांध असतो तो समुद्र अडवायला. खाडीलगतच्या सपाट जमिनीभोवती मातीचा बांध घालायचा. बांधाला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं. पावसाने जमिनीतला खार धुतला गेला की मग भात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात, आणि मग ती जमीन काही वर्षं पिकत नाही. म्हणून बांध एकट्याचा नसतो, गावाचा असतो. हे काम किती महत्त्वाचं होतं ते यावरून समजेल की १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींसाठी वेगळा कायदा केला आणि पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा कायदा केला. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत येणारे ‘पनवेल १’, ‘पनवेल २’, ‘पनवेल ३’ हे भाताचे वाण तिथले. नेरूळहून लोकलने पंधरा-वीस मिनिटांवर, आणि मी हे नावही ऐकलं नव्हतं.

आता परत टोपोशीटकडे या. बांध तिथे दाखवलेला असतो, पण मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर. बारीक काट्यांची रेघ असते आणि शेजारी एखादा आकडा, पुढे ‘आर’ हे अक्षर. हा आकडा समुद्रसपाटीपासूनची उंची नाही. शेजारच्या जमिनीपेक्षा ती गोष्ट किती उंच किंवा खोल आहे, ते सांगतो. धरणाचा, तलावाचा बांध असाच ओळखतात. एवढं शिकवलं की मुलांना पुढे कुठेही बांध ओळखता येतो. खाडीकाठी लांबच लांब काटेरी रेघ दिसली की समजायचं, आत कोणीतरी पिकवत होतं. ‘दलदल’ ही खूण बांधाच्या बाहेर असते. मी दोन वर्षांपूर्वी वर्गात बांधाच्या दोन्ही बाजूंना दलदल म्हटलं होतं.

मीठ

‘आगरी’ हे नाव आगरावरून आलं असं मानतात, आणि आगर म्हणजे मिठागरसुद्धा. ठाणे-पनवेल-उरणच्या खाडीपट्ट्यात भात, मासळी आणि मीठ या तिन्हींवर घरं चालायची. नकाशावर मिठागर ओळखायला सगळ्यात सोपं. गणिताच्या वहीतल्या चौकटींसारखं दिसतं.

वर्गात आम्ही प्रयोग केला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढंच मीठ एक लिटर पाण्यात विरघळवून शाळेच्या गच्चीवर पसरट थाळ्यांत ठेवलं. (खाडीचं पाणी आणू नका, ते आज हात घालण्यासारखं नाही.) चौथ्या दिवशी कडेला पांढरी किनार आली. एका थाळीत पाणी जास्त खोल होतं, तिथे काहीच नाही. मुलांना लगेच कळलं की मिठागरं उथळ का असतात. मग आजोबांनी सांगितलं : उधाणाचं पाणी आधी मोठ्या साठवणीत घ्यायचं, तिथून उथळ वाफ्यांतून फिरवत फिरवत घट्ट होऊ द्यायचं, शेवटच्या छोट्या वाफ्यांत मीठ धरलं की ओढून ढीग करायचे. पाऊस संपल्यावर वाफे दुरुस्त करायचे आणि उन्हाळाभर मीठ. पायाला भेगा पडायच्या, त्यात मीठ जायचं. एका मुलाने विचारलं, मग तुम्ही बूट का नाही घातले? आजोबा हसले. मला नाही हसू आलं.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात दांडी सगळ्यांना पाठ असते. पण वडाळ्याच्या मिठागरावर मे १९३० मध्ये मुंबईकरांनी मोर्चे नेले, ते वडाळा आमच्या हार्बर लाइनवर आहे, हे सांगितल्यावर मुलं खिडकीतून बघायला लागली.

दगड, आणि नाहीशी झालेली टेकडी

खाणींचा भाग थोडक्यात, कारण तो मुलांना सर्वात पटकन समजला. आपल्या पूर्वेला पारसिकचा डोंगर. काळा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. जुन्या नकाशात डोंगराच्या समोच्चरेषा सलग जातात. आजच्या उपग्रहचित्रात तुर्भ्याच्या बाजूला डोंगराला पांढरे-करडे चावे घेतल्यासारखे दिसतात. मुलांना पारदर्शक कागदावर जुन्या समोच्चरेषा काढायला लावल्या आणि कागद उपग्रहचित्रावर ठेवला. (दोन्ही एकाच प्रमाणात आणावे लागतात, झेरॉक्सवाल्याला टक्केवारी सांगावी लागते, माझ्या दोन फेऱ्या झाल्या.) “बाई, डोंगर कुठे गेला?” डोंगर आपल्या भिंतीत आहे, रस्त्यात आहे, रुळांखालच्या खडीत आहे.

त्याहून मोठा धक्का पनवेलच्या दिशेला बसला. नकाशावर उलवे टेकडी आहे. प्रत्यक्षात नाही. विमानतळासाठी ती सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली. आमच्या वर्गातल्या मुलांच्या जन्माच्या आगेमागे हे झालं. म्हणजे ‘जुना नकाशा’ म्हणजे पणजोबांच्या काळातलाच पाहिजे असं काही नाही.

गावंसुद्धा हलतात. कुकशेत गाव आज नेरूळमध्ये आहे, पण त्याची मूळ जागा एमआयडीसीच्या पट्ट्यात होती. त्या गावचा एक मुलगा आमच्या वर्गात होता. त्याने जुन्या जागेवर लाल ठिपका काढला, नव्या जागेवर लाल ठिपका काढला आणि मध्ये बाण. खाली लिहिलं, ‘गाव चालत आलं.’ मी ते खोडलं नाही.

हिरवी रेघ : चिरनेर

गुरचरणाबद्दल बोलताना एक गोष्ट राहू नये. टोपोशीटवर राखीव जंगलाची हद्द ठिपक्यांच्या रेघेने दाखवतात. नकाशावर ती नाजूक दिसते. पण ज्या गावाची गुरं त्या डोंगरावर चरत होती, ज्या बाया तिथून लाकूडफाटा आणत होत्या, त्यांच्यासाठी त्या रेघेचा अर्थ वेगळा होता. ती ओलांडली की गुन्हा.

उरण तालुक्यातल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मे झाले, त्यांत नाग्या महादू कातकरी होते. मामलेदार केशव जोशी यांचाही त्या गोळीबारात मृत्यू झाला. मी मुलांना चिरनेर नकाशावर शोधायला लावलं, मग डोंगर, मग हद्दीची रेघ. त्यानंतर गोष्ट सांगितली. आधी गोष्ट आणि मग नकाशा, असं केलं असतं तर मुलांनी नकाशाकडे पाहिलंच नसतं, असं मला वाटतं. काही शिक्षकांचं मत वेगळं असू शकेल.

आणि मग सिडको

१७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा नव्या शहरासाठी ठरली. पुढे जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा निर्णय आला. चौथीच्या मुलांना एवढं पुरे. त्यांना हिशेब कळतो : शंभर चौकटींचं शेत गेलं, साडेबारा चौकटी परत. आलेख कागदावर रंगवून घेतलं.

याच टप्प्यावर एका पालकांनी मला फाटकाजवळ थांबवलं. सोसायटीत राहणारे, मार्केटमध्ये माथाडी. आवाज चढवून नाही, पण सरळ विचारलं, “मॅडम, यातून पोरांमध्ये गाववाले आणि बाहेरचे असं होणार नाही ना? आम्ही पण कष्ट करूनच इथे घर घेतलंय.”

मला लगेच उत्तर सुचलं नाही. त्यांची भीती खोटी नव्हती. मधल्या सुट्टीत एका मुलाने दुसऱ्याला “ही जागा आमची आहे” म्हटलेलं मी ऐकलं होतं आणि त्यावर काय करावं ते मला कळलं नव्हतं. मी त्यांना फक्त विचारलं, “तुमचं गाव कोणतं?” ते म्हणाले, “जावळी. म्हणजे होतं. कोयनेत गेलं.”

दुसऱ्या दिवशी मी गृहपाठ बदलला. प्रत्येकाने आपापल्या आजोबांचं गाव जुन्या नकाशावर शोधायचं. नेरूळचं असो, बीडचं असो, उत्तर प्रदेशातलं असो. अमेरिकन संचात सगळा देश आहे, त्यामुळे अडचण नाही. दोन मुलांना गाव सापडलंच नाही, एकीला एकाच नावाची तीन सापडली. आणि या मुलाला कोयनेचं खोरं मिळालं. कोयना धरण साठच्या दशकात पूर्ण झालं, म्हणजे हा नकाशा त्याच्या आधीचा. शिवसागर जलाशय नाही. नुसती नदी आहे, बारीक निळी रेघ, आणि तिच्या दोन्ही काठांना गावांची नावं. त्यातल्या काही धरणग्रस्तांना पुढे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतच वसवलं गेलं.

मुलाने नव्या नकाशावर बोट ठेवलं तिथे निळं पाणी होतं, जुन्यावर बोट ठेवलं तिथे गाव. त्याच्या शेजारी ती गावठाणातली मुलगी बसायची. ती बराच वेळ दोन्ही नकाशे बघत होती. मग म्हणाली, “म्हणजे तुझं पण.” बास, एवढंच.

संध्याकाळी तेच पालक परत फाटकाशी आले. या वेळी त्यांना त्या पानाच्या प्रिंट हव्या होत्या, दोन. एक घरी लावायला आणि एक त्यांच्या वडिलांना द्यायला, कारण वडिलांचं म्हणणं होतं की नकाशात देवळाची जागा नदीच्या चुकीच्या काठावर दाखवली आहे आणि ती त्यांना पेनने दुरुस्त करायची आहे.